तह झाला की घर खाली करायचं

पेन्याफ्रिया, ऑक्टोबर

सातुर्नीनो भाऊजींना ऑब्दुलियावहिनीचे आशीर्वाद. स्वीडनमध्ये थंडी सुरू झाली असेल. छातीला लोकरीचं काहीतरी बांधत जा, तुमच्या घरात सगळे छातीच्या दुखण्यानेच गेले. माझी तब्येत ठीक आहे. तुमच्या भावाला जाऊन दुसरा हिवाळा येतोय. मसूर अजून दोघांचे टाकते आणि दोन दिवस खाते.

आता बातमी. आपल्या गावाने तुमच्या पणजोबांच्या वेळी स्वीडनविरुद्ध पुकारलेलं युद्ध अजून चालूच आहे, असा शोध नव्या सरपंचाला, लिसार्दोला, लागला. (आपल्या चर्चची घंटा समुद्रातून येत होती, ती त्यांच्या जहाजाने धडक देऊन बुडवली म्हणून ते पुकारलं. स्वीडनला कळवायचं मात्र राहून गेलं.) वाचनालयातल्या पुस्तकांत मी वाचलंय, जुने राजे युद्धाआधी दूत पाठवत, रोमचे लोक शत्रूच्या हद्दीत भाला फेकत. आपल्याकडे तुमच्या पणजोबांनी चौकाचौकांत तुतारी फुंकून दवंडी दिली आणि सगळे ऑलिव्ह झोडायला गेले. युद्ध संपेपर्यंत दवंडीवाल्याच्या घराण्याने चौकातल्या घरात राहावं, असा तेव्हाचा ठराव. त्याच घरात मी लग्न होऊन आले, तिथूनच ह्यांना नेलं. आता जत्रेला तह होणार, एक स्वीडिश पाहुणा येणार आणि घराचं संग्रहालय होणार.

मी म्हटलं, "अरे लिसार्दो, या युद्धाने कुणाचं काय वाकडं केलंय?" तर चारचौघांत म्हणतो, "मावशी, शांतता नको म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय!" सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

त्यात तहाची दवंडीही आपल्याच घराण्याने द्यायची. दुसऱ्या कुणाची म्हातारे मानत नाहीत. म्हणजे मी गप्प बसले की युद्ध चालू. शेजारची रेमेदियोस म्हणाली, "मग बस की गप्प, बये! दाढ दुखते म्हण!" पण ह्यांनी कधी बातमी दाबली नाही. तुमच्या आईच्या मरणाची दवंडीसुद्धा स्वतःच दिली, आवाज न कापता. तेव्हा मीही देईन. एकच सलतं, भाऊजी: ज्या युद्धाची रीतसर दवंडी झाली त्यात एक कोंबडीही मेली नाही. ज्यात माझे दोन्ही भाऊ गेले ते कुणी पुकारलंच नव्हतं. एका सकाळी ट्रक आले, एवढंच.

तुमची वहिनी,
ऑब्दुलिया

ता. क. तिकडच्या एखाद्या साहेबाला सांगून तहाला नकार मिळवता येतो का बघा. ते थोडे रुसले तरी पुरे.

आणखी ता. क. वरचं राहू द्या. ज्यांना घंटेचंच माहीत नाही ते रुसतील कशावर? तुमच्या स्वयंपाकघरात एक खाट मावेल का? युद्धकैद्याला शत्रूने छप्पर आणि जेवण द्यावं लागतं, असं मी वाचलंय. तह झाला की कैद्याला सोडून देतात हेही वाचलंय. पण सोडलं तर मी जाऊ कुठे?