स्ट्रायकरचा एक्स-रे

दादा,

ज्याच्यासाठी आपल्या फुटबॉल क्लबने तिजोरी रिकामी केली आणि ज्याला आपण दर मॅचला स्टँडमधून ‘लंगडा घोडा’ म्हणून हिणवलं, तो स्ट्रायकर आज माझ्याकडे एक्स-रे काढायला आला होता. पायाच्या हाडात जुनी, वाकडी जुळलेली भेग दिसली.

“ही कधीची?” मी विचारलं.

“इथल्या क्लबात आलो, त्याच वर्षीची. सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतं.” मग म्हणाला, “तुम्ही यायचात मॅचला?”

माझ्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं.

पेशंटची गोष्ट बाहेर सांगता येत नाही, म्हणून हे पत्र खणातच राहील. रविवारी तू त्याचा उद्धार करायला लागलास की मी उठून जाईन. तुझ्यावर रागावलो असं समजू नकोस.

तुझा,
धाकटा