तुळशीत सोडलेली वायर

चि. सौ. पारू,

सगळ्यांत आधी टपकले ते मुलाचे वडील चांगदेवशेठ, तेही सांगितल्या वेळेच्या तासभर आधी, आणि मी मागल्या दारी केसांना शिकेकाई चोळत बसलेली! पण थांब, आशीर्वाद द्यायचा राहिलाच. तुला अखंड सौभाग्य, राघोभावोजींना नमस्कार, दोन्ही म्हशींना माझी आठवण. तुझा गुडघा कसा आहे? एवढी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांशेजारी राहतेस, रोज फुकटात शेकत जा. फोन केला असता, पण आमचा फोन हॉलमध्ये आणि त्याच्याशेजारी सोफ्यावर माझा लेक केसरीनाथ. म्हणून भावोजींच्या दुधाच्या टेंपोतून ही चिठ्ठी. दुसरीपर्यंतचीच अक्षरं आहेत, लावून घे.

तर केसरीच्या पोरीला, आपल्या उन्नतीला, बघायला पाहुणे आले होते. मुलगा जीवन, कारखान्यात लाइटीच्या कामावर आहे, रंगानं सावळा, नाक छान. (तुझ्या नवऱ्याचं होतं तसं, लग्नात.) केसरीला पाहुण्यांपुढे बडेजाव दाखवायचा होता. गोदामांना जमीन दिल्यापासून त्याला साध्या मोरीत आंघोळ होत नाही. म्हणून बागेत, जिथे आपली वांगी व्हायची तिथे, त्यानं गरम पाण्याचा टब आणून बसवला. खालून बुडबुडे येतात. मी विचारलं, भात शिजतो का यात? तर रागावला.

आता टब आला, पण त्याला लाइट कुठून द्यायची? दुकानदारानं कागद दिला होता की टबाला वेगळी लाइन पाहिजे. केसरीनं तो कागद फरसाणाखाली घातला आणि नारपोलीचा अनंता बोलावला. अनंता कापड विणायचे लूम दुरुस्त करतो. त्याच्या मते जो लूम चालवतो तो विमानही चालवील. त्यानं विहिरीच्या पंपाच्या बोर्डातून वायर काढली, पपईला एक वेढा दिला, कपडे वाळत घालायच्या तारेवरून पुढे नेली आणि जोडाला दुधाची रिकामी पिशवी गुंडाळली. एक हिरवी वायर उरली. ती म्हणे ओल्या मातीत सोडायची असते. अनंता बोलला, "मावशी रोज सकाली तुलशीला पानी घालते. तिच्याएवढी ओली माती अख्ख्या राहनाल गावात न्हाय!" आणि दिली तुळशीत सोडून. मलाही बरं वाटलं गं, आपल्या पाण्याची कुणी कदर केली.

दुसऱ्या दिवशी टब चालू होता, मी तुळशीत पाणी घातलं, तर तांब्यातून कोपरापर्यंत मुंग्या! त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. मी सुनेला सांगितलं, तिनं आळीला. तिसऱ्या दिवशी तुळस जागृत झाली म्हणून नऊ बाया नारळ घेऊन दारात! एकीचा वर्षभर आखडलेला खांदा मोकळा झाला. (झाला असणारच, हात कसा झटकला तिनं.) पारू, खोटं कशाला बोलू, मला मोठा मान आला होता. दोघी तर माझ्या पाया पडल्या.

तर पाहुणे आले. पोहे व्हायच्या आत केसरी सगळ्यांना बागेत घेऊन गेला, टब चालू केला, गळ्यातली साखळी सारखी केली आणि पँट वर करून एक पाय आत टाकणार, तेवढ्यात मी जीवनला कौतुकानं सांगितलं की आमच्या तुळशीला हात लावला की मुंग्या येतात. पोराचा चेहराच उतरला. खिशातून त्यानं टेस्टर काढला. (मुलगी बघायला येताना खिशात टेस्टर! मी तेव्हाच पसंत केला.) तुळशीतल्या हिरव्या वायरीला लावला तर लाल दिवा पेटला.

"काका, पाय वरच ठेवा. आजी, मागं हो. मेन कुठं हाय?"

"दारामागं," उन्नती बोलली, आणि तिनं धावत जाऊन मेन पाडलासुद्धा. एवढंच त्यांचं बोलणं. ना तिनं साडी सावरली, ना त्यानं तिचं शिक्षण विचारलं.

मग त्यानं मला समजावलं. वृंदावन केसरीनं फरशीवर बसवलंय, खाली स्लॅब, म्हणजे तुळशीची माती जमिनीला टेकतच नाही. टबातून गळलेला करंट तिथेच येऊन बसायचा, माझी वाट बघत. म्हणे, जाड कवचाची केबल जमिनीतून न्यायची, तांब्याची पट्टी खोल खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पुरायची, करंट गळला तर आपोआप पडणारा खटका लावायचा, आणि बटण टबात बसून हात पोचणार नाही इतकं लांब. हे होईपर्यंत टबाला कुणी हात लावायचा नाही.

केसरी भडकला. दोन गोदामांचा मालक आणि त्याला सगळ्यांसमोर पाय वर धरून उभं केलं! बोलला, "ते परत येतील तवा त्यांना गरम पान्यात बसवीन. न्हाय जमलं तर ही सोयरीकच नको." उन्नती तेव्हापासून जेवताना नुसती दारामागच्या मेनकडे बघत बसते.

माझं काय, मी खूश आहे. जो पोरगा मुलीच्या आधी वायर बघतो, तो पुढे मुलीला बघेल.

तुझी मोठी बहीण,
कमळा

ता.क. खरं काम राहिलंच. भावोजींना सांग, पाहुणे येतील त्या दिवशी टेंपोत तुमच्या कुंडाचं कढत पाणी पिंपं भरून आणा. वर गोणपाट टाका. दुधाच्या कॅनमध्ये नको, नाहीतर आळीभर चहाला गंधकाचा वास. टब भरला नाही तरी चालेल, केसरीचा आणि चांगदेवशेठचा घोटा बुडाला की सोयरीक झाली. वास आलाच तर सांगेन, परदेशी टब आहे.

ता.क. दुसरा. बायांना करंटाचं सांगितलं, तर म्हणतात पोरानं देवी घालवली. मीही रोज पाणी घालते. मुंग्या येत नाहीत. जरा चुकल्यासारखं होतं.

ता.क. तिसरा. दिवस लिहायचाच राहिला. केसरीनं रविवार सांगितला होता. जीवननं मुद्दाम बदलून शुक्रवार घेतला, दर शुक्रवारी आमच्याकडे दिवसभर लाइट नसते, टब तापायचा नाही, पण वायरीचं काम बिनधोक होतं म्हणून. सकाळी अकराला येतो म्हणून गेलेत.