डावा खांदा आणि खालच्या मजल्यावरचा प्रिंटर

प्रिय भावजी,

वहिनीचे भरघोस आशीर्वाद. (तुमचे केस माझ्याआधी पांढरे झाले असले, तरी दीर तो धाकटाच. तेव्हा मुकाट्याने घ्या.) जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, खुर्चीत बसून काम करण्यात काही कमीपणा नाही. तुमचं पित्त कसं आहे हे मी विचारत नाही, कारण गेल्या आठवड्यात ते आमच्यामुळेच खवळलं असणार. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. हे वाक्य मी आज लिहू शकते आहे, भावजी. बुधवारी पत्र लिहायला बसले असते, तर पहिल्याच ओळीत शाई फिसकटली असती. आता सगळं पार पडलं, कालचा शनिवार सुखाने गेला, आज सकाळी नऊपर्यंत झोपले आणि उठल्यावर पहिला चहा ह्यांनी केला. (साखर विसरले. पण मी काही बोलले नाही, यावरून माझा मूड ओळखा.)

पत्र हाताने का लिहिते आहे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. एक तर त्या कॉम्प्युटरकडे मी सध्या तिरक्या नजरेनेच बघते. आणि दुसरं कारण आहे, ते ओघात येईल.

तर पहिल्यापासून सांगते. फोनवर तुम्ही तिकडून "आधी काय झालं ते क्रमाने सांगा" म्हणायचात आणि इकडून आम्ही दोघं एकदम बोलायचो, त्यामुळे तुमच्या कानांवर काय पोचलं असेल देव जाणे. माझं शिवणकामाचं ड्राफ्टिंग करायचं ते जुनं सॉफ्टवेअर तुम्हाला माहीत आहेच. मापं टाकली की कापडावर ठेवून कापायचे कागद आपोआप आखून मिळतात. ते बनवणारी मंडळी कधीच दुकान बंद करून गेली आणि ते फक्त आमच्या जुन्या कॉम्प्युटरवरच चालायचं. तो जुना मरायला टेकला, तेव्हा तुम्ही म्हणालात, घाबरू नका वहिनी, नव्या कॉम्प्युटरच्या पोटात मी जुन्यासारखाच एक कॉम्प्युटर तयार करतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मी म्हटलं करा बाई, पोटात करा नाहीतर पाठीत करा, माझी बाही निघाली म्हणजे झालं. सोमवारी दुपारी तुम्ही तिकडून हात चालवलेत, जुन्याने सगळं सामान नव्याच्या हवाली केलं आणि तासाभरात डोळे मिटले. कायमचे. (तुम्ही त्या सामानाची एक प्रत स्वतःकडे ठेवली नव्हती, हे मी बोलणार नव्हते. बोलले.)

आता प्रिंटर. तो यूएसबीच्या वायरने बाहेरच्या कॉम्प्युटरला बांधलेला, आणि माझं सॉफ्टवेअर आतल्यात. तुम्ही समजावून सांगितलंत की आतला म्हणजे भाडेकरू, प्रिंटर घरमालकाचा, भाडेकरूला त्या वायरला हात लावता येत नाही. त्याने नेटवर्कवरून, जणू शेजारच्या बिल्डिंगमधून मागावं तसं मालकाकडे मागायचं, आणि मालकाने प्रिंटर शेअर केला की काम झालं. एकाच टेबलावर, एकाच डब्यात राहून एवढा औपचारिकपणा! मला त्यात सासूबाईंच्या वेळचं आपलं घर दिसलं, पण ते असो. तुम्ही यादीतून एक प्रिंटर निवडलात, तो आतल्याचा नेहमीचा प्रिंटर म्हणून नेमलात, चाचणीचं पान पाठवलंत. तिकडे तुम्ही म्हणालात, "गेलं!" इकडे आमचा प्रिंटर ढिम्म.

एवढी घाई कसली होती, तेही सांगते. आमच्या व्हायोलिनवालीचा ड्रेस. (गल्लीच्या टोकाला राहते ती हो. तुम्ही आला होतात तेव्हा तिच्या रियाजामुळे तुमची दुपारची झोप मोडली होती.) बावीस वर्षांची आहे. पाठीला जन्मापासून बाक, त्यामुळे छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा बांधावा लागतो, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली. शनिवारी संध्याकाळी तिचं पहिल्यांदा एकटीचं वादन होतं. तयार कपडा तिला कधीच बसत नाही. लहानपणापासून डॉक्टरांनी, पट्टा बनवणाऱ्यांनी आणि माझ्यासारख्या दहा शिंपिणींनी तिला टेप लावून लावून मोजलेलं. मी मापं घ्यायचे तेव्हा ती डोळे गच्च मिटून उभी राहायची. तीन महिने, पाच वेळा चाचणीचा कपडा शिवून, मी तो ड्राफ्ट नेमका बसवला. शेवटच्या वेळी तिने विचारलं, "काकू, आता परत मोजायचं नाही ना?" मी म्हटलं, नाही गं बाई, कध्धीच नाही. शब्द दिला. आणि शेवटच्या दुरुस्त्या कागदावर उतरल्याच नव्हत्या, तेव्हा तो शब्द होता त्या भाडेकरूच्या खोलीत.

मंगळवारी मी आठ पानांचा ड्राफ्ट छापायला सोडला. पडद्यावर आलं, छपाई पूर्ण. प्रिंटरमधून कागदाचा कपटाही नाही. परत सोडला. परत पूर्ण! अकरा वेळा सोडला, भावजी, अकरा. ह्यांनी प्रिंटर उलटा केला, ब्रशने झाडला, त्याची वायर काढून फुंकर मारून परत लावली आणि मग त्याच्याशी समजुतीच्या सुरात बोलायला लागले. तुम्ही फोनवरून म्हणत होतात की तुमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय. हिरव्या रंगाचा मला तेव्हापासून तिटकारा आला आहे.

आणि बुधवारी तो प्रसंग घडला. ह्यांच्या हातून माउस कुठेतरी भलतीकडे गेला, 'सर्व फायलींसह काढून टाकायचं का' असं कॉम्प्युटरने विचारलं, आणि तुमच्या दादांनी 'हो' दाबलं. खोली, भाडेकरू, सामान, सगळं साफ. नेमकी त्याच मिनिटाला व्हायोलिनवालीची आई गडद निळं कापड घेऊन दारात उभी. तुमच्या दादांनी तिला तिथल्या तिथे सांगितलं, माझ्या हातून गेलं म्हणून. तुम्हालाही फोनवर तेच सांगितलं आणि तुम्ही त्यांना अर्धा तास फैलावर घेतलंत. (स्पीकर चालू होता. 'दादा, तू माउसला हात का लावलास' हे तुम्ही सात वेळा म्हणालात.) ती आई कापड ठेवून तशीच निघून गेली. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तरी परवडलं असतं. मी मशीनसमोर बसून चक्क रडले.

गुरुवारी सकाळी एक बस ड्रायव्हर पँट आखूड करायला आला. ती कधी देऊ म्हटल्यावर त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि म्हणाला, थांबा, सोमवारी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. त्याने चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली, आणि तिच्या पाठीवर, भावजी, माझी रेघ! माझी खूण, माझा टक, 'पान ३' असं स्वच्छ छापलेलं. मी ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

उलगडा असा. खाली दातांचा दवाखाना आहे. इंटरनेट आमचं आणि त्यांचं मिळून एकच. (ही तुमच्या दादांची कल्पना. दोन घरांना दोन वायरी कशाला म्हणे.) तुमच्या भाडेकरूने मालकाकडे मागितलंच नाही. त्याने डोळे उघडल्या उघडल्या खालच्या मजल्यावरचा प्रिंटर पाहिला, आणि तुम्ही यादीतून नेमका तोच निवडलात! दवाखान्यात अचानक चाचणीचं पान आलं. दुसऱ्या दिवशी वेड्यावाकड्या रेघांचे आठ कागद आले आणि ट्रेमधले कागद संपले. तिथल्या चिठ्ठीवाल्या बाई म्हणजे भारी कडक. त्यांना वाटलं प्रिंटरला वेड लागलं. त्यांनी प्लगच काढला, माझे आठ कागद चार-चार तुकड्यांत सरळ कापले आणि पाठकोऱ्या बाजूवर पेशंटना हाताने तारखा लिहून द्यायला सुरुवात केली. आठ चोक बत्तीस. एकोणीस त्यांच्या खणात शिल्लक होते. तेरा गावभर!

त्या बाईंनी एका अटीवर यादी दिली, प्रत्येक पेशंटला त्याच तारखेची नवी चिठ्ठी द्यायची. मी सहा घेतले, ह्यांनी सात. दोन दिवस आम्ही लोकांची दारं वाजवत हिंडलो, 'तुमच्या दाढेची चिठ्ठी परत द्या' म्हणत. एका वाचनालयातल्या बाईंनी ती पुस्तकात खूण म्हणून घातली होती आणि पुस्तक कुणीतरी घरी नेलं होतं. मी त्या पुस्तकापर्यंत गेले. एका वकीलसाहेबांनी माझ्याकडून पोचपावती लिहून घेतली. एकाची चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली होती, तरी रेघ जशीच्या तशी! (ह्यांनी तिथेच उभं राहून डॉक्टरांच्या प्रिंटरचं कौतुक केलं, आपला असा नाही म्हणे.) शुक्रवारी दुपारी बारा तुकडे जमले. राहिला तेरावा. कुठला? डावा खांदा. दुसरा कुठला राहणार!

तो ह्यांच्या वाट्याचा. ह्यांनी मला एका साध्या कागदावर पेन्सिलने काढलेली रेघ आणून दिली. म्हणे, ते गृहस्थ चिठ्ठी सोडायला तयार नाहीत, म्हणून गिरवून आणली. मी म्हटलं, ही रेघ थरथरते आहे, पाऊण इंचाचा प्रश्न आहे, मला मूळ कागद पाहिजे, नाव सांगा, मी जाते. म्हणे, ते गावाला गेलेत. म्हटलं, आत्ता तर चिठ्ठी सोडत नव्हते! मग तुमच्या दादांनी खाली मान घालून चष्म्याचं घर उघडलं. आत घडी केलेली चिठ्ठी. 'दाढ काढणे, गुरुवार, अकरा वाजता.' दोन आठवडे दाढ ठणकत होती, मला मात्र सांगत होते की थांबलं दुखायचं. मंगळवारी प्रिंटर झाडता झाडता राउटर बघून येतो म्हणून खाली गेले होते, ते हे! मला कळलं असतं तर मी हाताला धरून नेलं असतं, ही भीती. (आणि ती अगदी खरी होती.) गुरुवारी अकरा वाजता हा माणूस दुसऱ्यांच्या दाढांच्या चिठ्ठ्या गोळा करत फिरत होता.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर बत्तीस तुकडे जोडले, पाठीमागून चिकटपट्टी लावली. कोपऱ्यात दोन इंचांचा चौकोन छापलेला असतो, तो टेपने मोजला. बरोबर दोन इंच! (छपाई मूळ मापातच व्हावी हे तुम्ही आधीच बसवून ठेवलं होतंत. त्याबद्दल तुमचे शंभर अपराध माफ.) कापड कापलं, आणि शनिवारी दुपारी शेवटचा हूक लावला. ती आली. मी टेप मुद्दाम खणात टाकून दिला होता. ड्रेस घातला, आरशासमोर एकदा वळली, मग व्हायोलिन उचलून खांद्याला लावलं आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली. म्हणाली, "काकू, पट्टा कुठे गेला?" पट्टा अंगावरच होता, भावजी. दिसत नव्हता एवढंच. तिची आई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि मी उगाच दोरे वेचायला खाली वाकले. वादन कसं झालं ते मला कळत नाही, पण डोळे उघडे ठेवून वाजवत होती एवढं मी पाहिलं.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि तुम्ही रात्री तिखट खाऊ नका.

तुमची,
वहिनी

ता. क. ते मशीन परत तयार करून द्या. सॉफ्टवेअरच्या सीडी माळ्यावर सापडल्या. (काही फेकायचं नाही हा ह्यांचा स्वभाव, त्याला आता मी नावं ठेवणार नाही.) पण ह्या वेळी यादीतून आधी डॉक्टरांचा प्रिंटर काढून टाका आणि मग पुढचं बोला. ह्यांची नवी चिठ्ठी उद्या सोमवारी अकराची आहे. ती माझ्याकडे आहे.

ता. क. दुसरा. 'हो' मी दाबलं होतं. हे तर प्रिंटरपाशी वाकले होते. बाराव्यांदाही कागद आला नाही, तेव्हा मी रागाने जे दिसेल ते दाबत सुटले, आणि त्याने विचारलं ते न वाचताच. दारात ती आई. मी काही बोलायच्या आत ह्यांनी मान वर करून सांगितलं, माझ्या हातून गेलं. नंतर तुमचं अर्ध्या तासाचं बोलणंही मुकाट्याने ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्यांना अजून एका शब्दाने काही म्हटलेलं नाही. ह्या पत्रातसुद्धा वर त्यांच्याच नावावर खपवलं, कारण पत्र लिहून होईस्तोवर हे शेजारीच बसून 'वाचून दाखव' म्हणत होते. आता खाली दूध आणायला गेलेत. तुम्ही त्यांना एक फोन करा आणि चार शब्द बरे बोला. कारण विचारलं तर काहीही सांगा.

ता. क. तिसरा. आता कागद उलटे करून बघा. हे पत्र मी त्या ड्राफ्टच्या आठ झेरॉक्स प्रतींच्या पाठीवर लिहिलं आहे. (म्हणूनच ते एवढं लांबलं. आठ कागद भरायचे होते.) एक प्रत घराबाहेर, लांब, तुमच्यासारख्या माणसाकडे असावी. त्या मुलीला परत मोजणार नाही असा माझा शब्द आहे. दुसरा ता. क. वाचून फाडून टाका, असं लिहिणार होते. पण फाडू नका. त्याच कागदाच्या पाठीवर डावा खांदा आहे.