अष्टमीचं पाणी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा नेहमीचा आवाज आठवायला मला आता मुद्दाम बसावं लागतं. रागावलेला आवाज मात्र कधीही येतो, अगदी भाजी निवडतानासुद्धा. "जरासं चुकलं म्हणजे काय गं? गणितात जरासं असतं का?" हे तुम्ही मला आठवीत फळ्यासमोर म्हणालात, आणि पुढे तुमच्या पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर, हजारदा म्हणालात. मी गव्हाणच्या कोळीवाड्यातून एसटीने पनवेलला येणारी मुलगी. बारावी झाले तेव्हा तुम्ही शाळेची नोकरी सोडून टपाल नाक्याजवळच्या घरात मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून जुना कॉम्प्युटर आणून ठेवला होता. लोक विचारायचे, क्लास काढलाय का बाई? तुम्ही म्हणायचात, "कारखाना काढलाय. खेळांचा." त्या काळात पनवेलमध्ये हे बोलायला केवढी छाती लागत असेल! माणसं मागे वळून हसायची. मलाही हसू यायचं, पण मी रोज यायचे.

आपण तिघंच होतो. तुम्ही, मी आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटरदादा. दादा ग्राफपेपरवर चौकोन भरून चित्र काढायचे, मी ते चौकोन आकड्यांत घालायचे, आणि तुम्ही माझ्या मागे उभ्या राहून चूक शोधायचात. प्रोग्रॅम सुरू व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात तुम्ही आत जाऊन भात टाकून यायचात. माझा डबा उघडला की तुमचा पदर नाकाला. "सुकट आहे ना? गॅलरीत जा, बाई माझे." मासेमारीचा खेळ करायला निघालेली बाई, आणि जवळ्याच्या वासाने डोळ्यांत पाणी! मला त्याचं वाईट वाटायचं, आणि हसूही यायचं. पहिला खेळ आपण शाळांसाठी केला होता, आंबे मोजायचा. तो दोन-चार शाळांनी घेतला तेव्हा तुम्ही तुमची जुनी निळी साडी फाडून कीबोर्डला अस्तर लावलेलं आच्छादन शिवलंत आणि माझ्या हातात दिलंत. "मशीन माझं, पण हे तुझं." मला आयुष्यात कुणी काही शिवून दिलं नव्हतं.

खाडीचा खेळ मात्र तुमच्या जिवाचा होता. खाडीच्या आतल्या टोकाला बांधलेली होडी समुद्रापर्यंत न्यायची, जाळं टाकायचं, पाणी उतरायच्या आत परत यायचं. एवढंच. पण तुमच्या डोक्यात बसलं की पाणी खरं पाहिजे. कॉम्प्युटरमध्ये जी तारीख असेल त्या तारखेची तिथी, त्या तिथीची भरती, त्या वेळेची ओहोटी. बाहेर गव्हाणला पाणी चढलं की आत पडद्यावरही चढणार. तुम्ही पंचांगं पसरून चंद्राचं गणित मांडलंत, आणि मी घरी जाऊन आईला विचारलं. तिला काय त्याचं! "तिथीची पाऊनपट कर, झाली भरतीची वेल. आष्टमीला सा वाजता. आनि तवा भांगाचा पानी, आतल्या टोकाला होडी उचलत नाय." मग हसली. "पानी बगायला आता टीवी लागतं का गो तुमाला?" मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही तुमचं उत्तर ताडून पाहिलंत आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्यात. जमलं, जमलं म्हणत घरभर फिरलात. तुम्हाला इतकं आनंदात मी नंतर कधी पाहिलं नाही.

आणि मग तो दिवस. मुंबईचे एक गृहस्थ शाळांना कॉम्प्युटर विकायचे, त्यांना मशीनबरोबर द्यायला खेळ हवे होते. त्यांनी घेतला तर कारखाना चालणार, नाही घेतला तर दार लावायचं, हे तुम्हीच सकाळी बोलून दाखवलं होतं. ते दुपारी बाराला येणार होते. मी कॅलेंडर बघते तर अष्टमी. सहाला भरती म्हणजे बाराला पार ओहोटी, त्यातून भांगाचं, कमी चढणारं पाणी. ओहोटीत चिखलात उतरून चिंबोऱ्या धरायचा भाग अजून व्हायचा होता, दादांची चित्रं अर्धीच होती. मी म्हटलं, "बाई, तारीख बदलते. पौर्णिमा टाकते, दुपारी भरती मिळेल. कुणाला कळणार आहे?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "आणि विकत घेतल्यावर त्या मुलांना रोज पौर्णिमा देणार आहेस का?" मी तारीख तशीच ठेवली. तुमच्यापुढे कोण बोलणार?

ते गृहस्थ खुर्चीत बसतात. मी त्यांच्या हाताखाली कीबोर्ड सरकवते. पडद्यावर खाडी, मागे दादांनी काढलेला कर्नाळ्याचा सुळका, पुढे चिखल आणि चिखलात तिरकी झालेली होडी. ते एक बटण दाबतात, दुसरं दाबतात. होडी हलत नाही. "बिघडलाय का?" ते विचारतात. "नाही," तुम्ही म्हणता, अगदी वर्गात म्हणायचात तशा, "पाणी नाहीये. सहा वाजता चढेल, पण आज तरंगण्याइतकं चढणार नाही. चार-पाच दिवसांनी बघा, काय छान जाते!" त्यांना आधी थट्टा वाटली. मग ते खरंच हसत सुटले. "मॅडम, हा गेम है या पंचांग? पोरगं पाच मिनिटं थांबत नाही हो!" तुम्ही हसला नाहीत. भरती-ओहोटी म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगायला लागलात, खडू नव्हता म्हणून बोटाने टेबलावर चंद्र काढलात. ते घड्याळ बघत होते. मी दाराशी उभी राहून तुमच्या त्या बोटाकडे बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चहा न घेताच ते गेले.

पुढे सगळं घसरतच गेलं. बाहेरून टीव्ही गेमच्या कॅसेट आल्या, पोरांच्या हातात बंदुका आल्या, आपल्या खाडीला विचारतो कोण? दादा मुंबईला होर्डिंग रंगवायला गेले. मी तुमच्या मागे लागले होते, पाणी भरभर चढू-उतरू दे, दहा मिनिटांत एक भरती. तुम्ही ऐकत नव्हतात. मग तुमचं ते दुखणं निघालं, आणि एक दिवस पलंगावरून तुम्ही म्हणालात, "कर तुझं तसं. पळव पाणी." मी पळवलं. दोन आठवडे खपून मशीन तुमच्या पलंगाशी आणलं, होडी सुरू केली. झरझर पाणी आलं, होडी उचलली गेली, निघाली. तुम्ही भिंतीकडे बघत होतात. "छान झालंय," म्हणालात. आठवीपासून मला एकही चूक माफ न करणाऱ्या तुम्ही, न बघता छान म्हणालात. तेव्हाच मला कळलं की आता काही उरलं नाही. महिन्याभराने तुम्ही गेलात.

फ्लॉप्या मी घरी आणून कपाटात ठेवल्या. आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरली. मागच्या वर्षी एकाला दाखवल्या, जुन्या डिस्कमधलं काढून देतो म्हणाला होता. काही निघालं नाही, बाई. खरं पाणीही गेलं, पळवलेलंही गेलं. आणि बाहेरची खाडी म्हणाल तर आमच्याकडे एवढा भराव पडलाय की आई शेवटच्या वर्षांत खिडकीत बसून विचारायची, "पानी कुटं गेला गो?" काय सांगणार तिला? मी बँकेत कॉम्प्युटर सांभाळले आणि निवृत्त झाले. खेळ एकही केला नाही.

परवा शाळेचा मेळावा होता. मला तुमच्यावर चार शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, बाईंनी कधी तडजोड केली नाही, त्या दिवशी एक तारीख बदलून चाललं असतं, पण त्यांनी खोटं पाणी दाखवलं नाही. काय टाळ्या पडल्या! पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. मी खाली येऊन बसले, ती रागाने धुमसत. बदलायला हवी होती तारीख. एक दिवस, एक दुपार खोटी पौर्णिमा, आणि चिंबोऱ्या नंतर झाल्या असत्या, दादा राहिले असते, तुम्ही भिंतीकडे तोंड करून गेला नसतात. तुम्ही चुकलात, बाई, आणि जरासं नाही. हे मी माईकवर बोलले नाही, तुम्ही पलंगावर होतात तेव्हाही बोलले नाही. आणि आज तुमचा पत्ता माहीत असता, तर या कागदावरही बोलले नसते.