दुपारी अडीचची घसरण

२८ एप्रिल, सकाळी ६.१०
आजपासून ही वही फक्त हवामानासाठी. घरगुती तक्रारी यात लिहायच्या नाहीत. अक्षर स्वच्छ, शुद्धलेखन अचूक. पुढे एखाद्या संशोधकाने मागितली तर लाज वाटायला नको.
उद्दिष्ट: कोसमटोल्यात ४८ अंशांची नोंद. उन्हाळ्यात नाव नेहमी चंद्रपूरचे, नाहीतर ब्रह्मपुरीचे. वैनगंगेच्या या काठाला जणू सगळे सावलीत राहतात. आम्हाला कुणी मोजतच नाही.

२८ एप्रिल, संध्याकाळी ७
‘तापमान मित्र’ ग्रुपवर मोठी बातमी. अ‍ॅडमिन प्रवीण सर (चंद्रपूर, निवृत्त भूगोल शिक्षक) त्यांच्याकडचे खरे हवामान केंद्र खेड्यातल्या एका सदस्याला देणार. वाऱ्याचे यंत्र, पावसाचे यंत्र, सगळे. ज्याच्या नोंदी सर्वांत काटेकोर, त्याला. निर्णय नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत.
म्हणजे मला. माझी बारावी राहिली ती इंग्रजीमुळे. भूगोलात ७१ होते.

३० एप्रिल
थर्मामीटर आला. त्याला डबा हवा: पांढरा, चारही बाजूंनी फटी, जमिनीपासून चार फूट, दार उत्तरेला. सुतार दोन आठवडे म्हणाला. लग्नसराई आहे म्हणे.
घरातला कूलर उघडला. तसाही आवाज फार करायचा. त्याच्या फटींच्या बाजू अगदी मापाच्या निघाल्या. त्यातले वाळ्याचे गवत तसेच राहू दिले, म्हणजे थेट ऊन आत शिरणार नाही. ही माझी सुधारणा आहे, पुस्तकात नाही.
आईने विचारले, कूलर परत कधी. रविवारी जोडून देतो म्हणालो.

२ मे
डबा उघड्यावर हवा. सावलीतले रीडिंग बाद. अंगणात मोकळी जागा एकच आणि तिच्यावर मांडव. बाबांनी घातलेला, बांबूचा, वर जांभळीच्या फांद्या. बाबा तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, पुडे मोजून घ्यायला गेले आहेत, जंगलात, ते जूनमध्ये येतील. त्यांना विचारणे शक्य नव्हते. मांडव काढला.
आई दुपारी त्याखाली बसायची. आता घरात बसेल. छत पत्र्याचे आहे, पण छत आहे.
शेजारचे धनराज भाऊ कुंपणावरून पाहत होते. म्हणाले, पाखरासाठी घर बांधून राह्यला का.

५ मे, रविवार
४४.८. ग्रुपवर ब्रह्मपुरीच्या धम्मदीपने ४५.९ टाकले. त्याचा थर्मामीटर गच्चीवर, सिमेंटच्या भिंतीला टेकवलेला. फोटोत स्पष्ट दिसते. तरी एकोणीस जणांनी अंगठ्याचे चिन्ह टाकले. अशाने देश पुढे कसा जाणार.
कूलर: पुढच्या रविवारी.

७ मे
४६.१ आणि चढता. निरीक्षक चढत्या आकड्यासमोरून हलत नाही. दीड ते साडेतीन डब्यासमोर उभा. डोक्याला दुपट्टा होता. आई दारात चारदा येऊन गेली, भात निवला म्हणून. मी हाताने थांब म्हटले.
नंतर किंचित गरगरले. ओकारी एकदा. नोंद घेण्याइतके नाही. आईने तळपायाला कांदा चोळला आणि काहीबाही बोलत राहिली. ते हवामानाशी संबंधित नव्हते.

९ मे
दुपारी २.०० — ४६.४. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून रीडिंग टाकायला तिकडे गेलो. जाऊन-येऊन पंचवीस मिनिटे.
२.३० — ४३.२.
तीन अंश! ढग नाही. वारा नाही. पुन्हा पाहिले, ४३.२. मन उडाले. आत जाऊन जेवलो आणि झोपलो.

१० मे
२.०० — ४६.०. टाकी. २.३० — ४३.१. पुन्हा जेवलो, झोपलो.

११ मे
तेच. धम्मदीप ४६.८ वर पोहोचला. माझा आकडा ऐन वेळी माती खातो. या घराला यशच नाही. बाबांनी सोयाबीन लावले तेव्हाही असेच झाले होते.

१२ मे, रविवार
पहाटे साडेचारला जागा झालो आणि सगळे लख्ख दिसले. रोज, ठरल्या वेळी, तीन अंश! हा बिघाड नाही, हा शोध आहे. वैनगंगेच्या वाळूवरून थंड हवेचा एक अरुंद प्रवाह दुपारी अडीचच्या सुमारास कोसमटोल्यावरून जात असणार. आजवर कुणाला कळला नाही, कारण आजवर इथे कुणी मोजलेच नाही.
नाव: दुपारी अडीचची घसरण. माझे नाव देणार होतो, पण ते इतरांनी द्यायचे असते.
कूलर राहिला. आज शक्यच नव्हते.

१४ मे
ग्रुपवर शोध टाकला, आलेखासह. धम्मदीपने लिहिले, ‘भाऊ, अडीच वाजता हवासुद्धा जेवून झोपते का तुमच्या गावात?’ तेवीस जण हसले. प्रवीण सर हसले नाहीत. त्यांनी विचारले, डबा प्रमाणित आहे ना. सुधारित आहे, असे कळवले.

१५ मे
नवे निरीक्षण: घरातले पाणी फार लवकर संपते. आई सकाळी हातपंपावरून सहा गुंड, म्हणजे घागरी, आणते, दुपारपर्यंत रांजण तळाला. माणसे दोनच. उरलेले जाते कुठे? बाष्पीभवन. वेगळा तक्ता आखला. रोज सुमारे वीस लिटर. हा आकडाही विक्रमी असावा.
डब्याच्या पायांशी ओल दिसली. वाळवी असेल. औषध टाकले.

१७ मे
डब्यातून वाळ्याचा वास येतो. छान, गार. उष्णतेने गवताचे तेल सुटत असावे. नोंद केली.
आज आशा सेविका सोमारीबाई पत्रके वाटायला आल्या. ‘दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये.’ पत्रकात ‘उष्माघात’ बरोबर होते, पण ‘तीव्र’ चुकले होते. मी दाखवून दिले. त्या आईकडे बघत मला म्हणाल्या, हिचे डोळे खोल गेलेत, हिला दवाखान्यात दाखवून आण. चामोर्शीला जायचे तर दुपार जाते. दुपार गेली तर घसरण जाते. उद्या सकाळी नेतो म्हणालो.

१८ मे
सकाळी बस नव्हती. म्हणजे होती, पण आठचे रीडिंग होते.

१९ मे, रविवार
प्रवीण सरांचा फोन! टाकीजवळ होतो म्हणून लागला. पुढच्या रविवारी, २६ला, नवतपाच्या दुसऱ्या दिवशी, स्वतः येत आहेत. घसरण डोळ्यांनी बघायची आहे. सोबत धम्मदीप. त्यालाही बघू दे.
घसरण खरी ठरली तर हवामान केंद्र कोसमटोल्यालाच, असे सर म्हणाले. जवळजवळ म्हणाले.
कूलर: केंद्र आल्यावर. मग या डब्याची गरजच उरणार नाही, हा कूलर आईला परत. दोन्ही कामे एकदम.

२१ मे
२.०० — ४६.९. २.३० — ४३.८. घड्याळ लावून घ्यावे अशी घसरण.
आई जेवली नाही. डोके दुखते म्हणाली. मी म्हणालो मांडव नसल्याने तसे वाटत असेल, सवयीचा प्रश्न आहे. तिने विचारले, तू आता टाकीवर जाणार का. हो म्हणालो. जा मग, म्हणाली. माझ्या कामात तिने पहिल्यांदाच रस घेतला.

२३ मे
धनराज भाऊंनी हटकले. म्हणाले, ‘काऊन रे प्रणित, आज किती शिजलो आपण?’ आकडा सांगितला. ते म्हणाले, ‘तुह्या मायले विचार एक दिवस. तिले डब्ब्याविना कळते.’ अशिक्षितपणाला औषध नाही.

२४ मे
आईला घाम येत नाही, असे लक्षात आले. हात कोरडा, कढत. म्हणजे हवेत ओलावा जवळपास शून्य. माझ्या रीडिंगला पुष्टी मिळाली.

२५ मे, नवतपा सुरू
अंगण झाडले. डब्याला पांढरा रंग, दुसरा हात. सरांसाठी खुर्ची धनराज भाऊंकडून आणली. आईला सांगितले, उद्या पाहुणे दिवसभर डब्याजवळ असतील, मीही टाकीवर जाणार नाही, तू मध्ये यायचे नाही. तिने दोनदा विचारले, अजिबात नाही जाणार का. अजिबात नाही, म्हणालो.
मोठ्या माणसांसमोर दडपण येते तिला.

२६ मे, रविवार, दुपारी १.१५
आले. आईने आंबील दिली. सरांनी दोन वाट्या घेतल्या. धम्मदीपचा स्वतःचा थर्मामीटर आहे, पिशवीतून काढून दाखवला. मी पाहिला नाही.

१.३० — ४६.८
२.०० — ४७.२
आम्ही तिघे डब्यासमोर. धनराज भाऊ कुंपणाला टेकून.
२.३० — ४७.५
सर म्हणाले, पाच मिनिटे इकडेतिकडे.
२.४० — ४७.६
२.५० — ४७.९
धम्मदीप म्हणाला, घसरण आज रजेवर दिसते. मी सांगितले, माणसांच्या गर्दीने प्रवाह अडला असेल. सरांनी चष्मा पुसला. दहा मिनिटे पुसत होते.
३.०० — ४८.१

(अठ्ठेचाळीस पूर्णांक एक. मी घसरणीची वाट पाहत होतो.)

३.१०ला धनराज भाऊंची हाक, गोठ्याच्या मागून.

२६ मे, संध्याकाळी ६, चामोर्शी, दवाखाना
क्रमाने लिहितो.
आई गोठ्याच्या मागे पडली होती. पत्र्याच्या भिंतीजवळ, उन्हाच्या बाजूला. बादली आडवी. पाणी सांडले होते, पण माती जवळजवळ वाळली होती. धनराज भाऊ म्हणाले, ती दोनपासून तिथेच उभी होती, बादली घेऊन. त्यांना वाटले पाहुण्यांच्या पायांवर घालायला पाणी असेल.
तिला सरांच्या गाडीत घातले. मी वही घ्यायला डब्याजवळ परत गेलो. सर तिथे होते. त्यांनी फटीतून बोट आत घातले, गवत चाचपले, बोटाचा वास घेतला. मग खाली ओलीचा जुना डाग पाहिला. मग गोठ्याकडे, जिथे बादली पडली होती, तिकडे पाहिले.
‘प्रणित,’ ते म्हणाले, ‘हा कूलर आहे.’
मी म्हणालो, होता.
वाटेत धम्मदीपने आईचे डोके मांडीवर घेतले होते. स्वतःच्या बाटलीतले सगळे पाणी तिच्या दुपट्ट्यावर ओतले. मी पुढच्या सीटवर बसलो. वही ओली होऊ नये म्हणून.

२७ मे, सकाळी ७
सिस्टरांनी काल ताप घेतला: १०५.३. मी मनातल्या मनात सेल्सिअसमध्ये केला, ४०.७. त्यांना विचारणार होतो थर्मामीटर तपासलेला आहे का. विचारले नाही.
त्यांनी विचारले, त्रास कधीपासून होता. किती वाजता पडल्या. शेवटचे पाणी कधी प्यायल्या. मी वही उघडली. एकोणतीस दिवसांच्या सगळ्या वेळा आहेत, मिनिटांसह. या तीन नाहीत.
रजिस्टरमध्ये लिहिले: उष्माघात, रुग्ण क्र. १, गाव कोसमटोला. उन्हाळ्याच्या सरकारी नोंदीत गावाचे नाव पहिले. मी अक्षरे तपासली. बरोबर होती.

२७ मे, सकाळी ११
आई शुद्धीवर आली. पहिल्यांदा विचारले, तू जेवला का. मग मी विचारले. ओरडून नाही, पण विचारले. माझा एवढा महिना, एवढे आलेख, सरांसमोर नाक कापले, असे सगळे एकदम तोंडातून गेले. पाणी कशाला घालत होतीस डब्यात?
‘आकडा चढला का तू उन्हातच उभा राह्यतं,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी ओकला तू. उतरला का आत येतं, जेवतं, झोपतं. म्हून मी त्याले उतरवत होती.’
पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. आईही थोडी हसली. मग म्हणाली, ‘काल तुमी हललेच नाई ना.’

२७ मे, दुपारी ४
प्रवीण सरांचा मेसेज. इथे नेटवर्क चांगले आहे. तब्येत विचारली. खाली लिहिले आहे की हवामान केंद्र ते सध्या कुणालाच देत नाहीत. ४८.१ बद्दल विचारले होते मी. त्यावर उत्तर: ‘त्या डब्यातले रीडिंग कसे धरणार?’
पण तेव्हा गवत कोरडे होते! ९ मेपासूनचा एकमेव दिवस, जेव्हा ते कोरडे होते. हे उद्या सविस्तर कळवायचे.

२८ मे, सकाळी ६
कळवले नाही.
ठराव: आता आईच्या तापाच्या नोंदी दर अर्ध्या तासाने. नवीन पान, तीन रकाने: वेळ, ताप, शेरा. पट्टी नव्हती म्हणून सलाइनच्या खोक्याने आखले. रेघा सरळ आल्या.
घरी गेल्यावर पहिले काम मांडव. मग कूलर. रविवारी.

२८ मे, संध्याकाळी ६.३०
बारा ते चार नोंद नाही.
बाराला लाइट गेली. वॉर्डातला पंखा थांबला. मी सिस्टरांना म्हणालो, मी दर अर्ध्या तासाला ताप लिहून घेतो. त्या म्हणाल्या, ‘लिहाचं आमी पाहतो भाऊ. तुमी वारा घाला.’
हातपंखा नव्हता, पुठ्ठा नव्हता. वहीने घातला.
लाइट चारला आली.