हिमनदीत घरचं पाणी

२१ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तुमचा गुडघाही बरा आहे असं धरून चालते, कारण विचारलं तरी तुम्ही "ठीक" यापलीकडे काही सांगणार नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर आपलं संभाषण "जेवलीस का?" आणि "जेवले, तुम्ही?" या दोन वाक्यांवर चालतं. पुढचं सगळं आई बोलायची. ती गेल्यापासून आपण दोघंही पुढच्या वाक्याची वाट पाहत फोन कानाला लावून उभे असतो. म्हणून सांगायचं आहे ते लिहूनच सांगावं असं ठरवलं.

आधी इकडची हकीकत. नदीकाठची खोली बंद करून मी महिन्याच्या सुरुवातीला खाली प्रयोगशाळेत आले. वर थंडी पडल्याने हिमनदीचं वितळणं थांबत आलं आहे. तुम्ही आलात तेव्हा दुपारी दगड गडगडवत नेणारं पाणी आता पोटरीएवढंही नाही. इथली खोली लहान पण उबदार आहे. स्वयंपाक जमतो. परवा भात करपला, तेव्हा वरचा खाल्ला आणि भांडं भिजत घातलं. काळजी नसावी.

मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "शेजारच्या तात्यांना सांगितलं, वाचनालयात सांगितलं, केस कापायला गेलो तिथेही सांगितलं. आमच्या मुलीने नवा झरा शोधला म्हणून." एका दमात इतकं बोलताना मी तुम्हाला आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यावर मी फक्त "हं" म्हटलं. त्या "हं"बद्दल हे पत्र आहे.

झरा नाही, बाबा.

तो कसा सापडला आणि कसा गेला, ते क्रमाने सांगते. पाण्याच्या कणांत बरेच हलके असतात, थोडे किंचित जड. उंचावर साठलेल्या बर्फात जड कण कमी, खालच्या मुलखातल्या पावसात जास्त. म्हणून नदीचं बोटभर बाटलीतलं पाणी यंत्रात घातलं की त्यात हिमनदीचा वाटा किती आणि इतर पाण्याचा किती, हे मांडता येतं. ऐन वितळण्याच्या दिवसांत नदी जवळजवळ सगळी हिमनदीचीच असायला हवी. नेमक्या त्याच दिवसांतल्या काही बाटल्या जड निघाल्या. म्हणजे आणखी कुठून तरी पाणी येत होतं. मला वाटलं, डोंगराच्या पोटात झरा असावा. माझ्या मार्गदर्शक बाईंनाही तसंच वाटलं. बाई सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी चहा केला. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत यावर मी बोलायचं ठरलं. हजेरी देतानाही जिला घाम फुटायचा, ती मी आरशासमोर उभी राहून भाषण पाठ करू लागले.

मग इथलं यंत्र चालवणाऱ्या काकांनी त्या बाटल्यांतले क्षार तपासले आणि मला हाक मारली.

"काय गं, तुझ्या झऱ्याला नगरपालिकेची जोडणी आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे यात नळाच्या पाण्याचे क्षार आहेत. हिमनदी कधीपासून पाणीपट्टी भरायला लागली?"

ते पोट धरून हसत होते. मला हसू आलं नाही, कारण ते क्षार माझ्या ओळखीचे होते. पहिल्या वर्षी हात बसावा म्हणून मी आपल्या घरच्या नळाचं पाणी तपासलं होतं. मग जड बाटल्या कोणत्या दिवसांच्या आहेत हे पाहायची गरजच उरली नाही. तरी पाहिलं. तुम्ही माझ्याकडे राहायला होतात, त्याच दिवसांच्या.

नदीकाठी राहायला येताना पाण्याचा भलामोठा कॅन उचलून आणणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. "बाहेरचं पाणी मला सोसत नाही," तुम्ही म्हणालात आणि मी केवढी चेष्टा केली! त्याच संध्याकाळी, काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तुम्हाला माझं काम समजावलं. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, तिथेच झाकण लावायचं. आत बुडबुडा राहिला तर पाणी उडतं, हलके कण आधी जातात आणि नमुना फुकट. तुम्ही मान डोलावलीत. एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. गार पाणी खोलीच्या उबेला आलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि झाकणाखाली बारीक बुडबुडा जमतो. त्याने काही बिघडत नाही.

मी दिवसभर नदीवर असायचे आणि तुम्ही खोलीत एकटे. त्या आठवड्याच्या खोक्यातल्या बाटल्यांत तुम्हाला बुडबुडे दिसले. पोरीचं काम फुकट जाईल म्हणून तुम्ही एकेक झाकण उघडलंत, पातेल्यात कॅनमधलं पाणी ओतून, मी सांगितलं तसं बाटली त्यात बुडवून काठोकाठ भरलीत आणि पुन्हा बंद केलीत. माझ्याकडून चूक राहिली हे मला कळून वाईट वाटू नये, म्हणून बोलला नाहीत. असंच ना?

बाईंना मी काल सांगितलं. त्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या.

"परिषद गेली," त्या म्हणाल्या. "आणि ते नमुने फेकून दे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घे. वर्ष जाईल, इलाज नाही."

"फेकणार नाही," मी म्हटलं.

बाईंना नाही म्हणण्याची ही माझी पहिलीच वेळ. त्यांनी चष्मा काढला. मी घाईघाईने पुढचं बोलले, की मिसळलेलं पाणी कुठलं ते ठाऊक आहे, क्षारांवरून ते किती मिसळलं हे काढता येईल, मग तेवढं वजा करता येईल.

"आणि मिसळणारा माणूस खरं सांगेल?"

"सांगतील. माझे वडील आहेत."

"मग विचारलंस का त्यांना?"

मी टेबलावरच्या बाटल्या उगाच सरळ करू लागले. बाई म्हणाल्या, "हिमनदीला प्रश्न विचारतेस आणि बापाला विचारायला घाबरतेस. कमाल आहे बाई तुझी."

घाबरले होते हे खरं आहे. तुम्ही आठवडाभर राहणार म्हणून आलात आणि आधीच निघालात. मला वाटलं, कंटाळलात. आई नसताना माझ्याजवळ बसणं तुम्हाला अवघड झालं. ती समजूत मी सगळा उन्हाळा बाळगली. आता त्या बाटल्या हातात घेते, तर एकही सुटलेली नाही. एकाही झाकणाचे आटे तिरपे बसलेले नाहीत. मी लावते त्याहून नीट लावलेली आहेत. तुमचं प्यायचं पाणी यांतच संपलं, म्हणून लवकर निघालात, हे आता कळतं. हे पाहिल्यावर काय बिघडलं ते तुम्हाला सांगावंसंच वाटेना. सांगितलं, तर तुम्हाला तेवढंच ऐकू येईल, अशी भीती वाटली.

पण माझं काम तुमच्यावाचून अडलं आहे. कॅनमधलं पाणी तुम्ही उकळून भरलेलं होतं. उकळताना हलके कण जास्त उडतात, त्यामुळे नुसतं नळाचं पाणी माझ्या उपयोगाचं नाही. नेहमीच्याच पातेल्यात, नेहमी उकळता तितकंच उकळा, झाकून निवू द्या आणि एक बाटली काठोकाठ भरा. शिवाय आठवून सांगा, एकेक बाटली एकदाच भरलीत, की दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडबुडा दिसला म्हणून पुन्हा? यातून सगळे नमुने वाचतील असं वचन देत नाही. निम्मे वाचले तरी माझं वर्ष वाचेल.

वाचनालयात काय सांगायचं, ते मला सुचत नाही. तात्यांना सांगा, झरा होता, पण आमच्याच स्वयंपाकघरातला निघाला.

एक विनंती. माफी मागू नका. तुम्ही मागितलीत तर मलाही मागावी लागेल, मग आपण दोघं पुन्हा गप्प होऊ आणि या वेळी बोलायला घरात तिसरं कुणी नाही.

पाण्याची बाटली पार्सलने पाठवू नका. हेलकाव्यांनी झाकण सैल होतं. असा नमुना हातानेच आणायचा असतो. पार्सलनेही चालतं, असं यंत्रवाले काका म्हणतात. त्यांचं ऐकू नका. येताना जास्त दिवसांचे कपडे घ्या.

वाट पाहत असलेली,
तुमची पोर