चाळीस दिवसांत पोट ताळ्यावर

१ एप्रिल १९७४, सोमवार. रामनवमी. सकाळी ६.

आजपासून नवीन वही. कारण पोट.

जकात नाक्यावर एकतीस वर्षं काढली. आत काय आलं आणि पुढे काय गेलं, याची नोंद असली की घोटाळा होत नाही. शरीर तरी काय, नाकाच. गाडी आली, ती वेळेवर पुढे गेली पाहिजे. माझ्याकडे अडकते.

वरूडहून हिच्या भावाचं, नानाजीचं पत्र आलं. १२ मेला त्यांच्या गोपिकेचं लग्न. ‘प्रयागबाईला घेऊन दोन दिवस आधी या, पहिली हळद आत्याच्या हातची लागली पाहिजे.’ म्हणजे १० मेच्या सकाळी सातची एसटी. आजपासून बरोबर चाळीस दिवस.

अकरा वर्षांत ही माहेरी गेलेली नाही. दर वेळी निघायच्या दिवशी माझ्या पोटाने दगा दिला. त्यात माझा काय दोष? या वेळी हिला शब्द दिला. ही म्हणाली, बरं जी. चेहऱ्यावरून विश्वास बसलेला दिसला.

आजचा आहार: फक्त ताक. शिवाय सुंठवडा, कारण तो प्रसाद. शिवाय दुसऱ्या देवळातला सुंठवडा.

३ एप्रिल. सकाळी ८.

काही नाही.

सूनबाईची, उत्तराची, सकाळची शाळा. ती मास्तरीण आहे. तीन बिऱ्हाडांत मिळून एक संडास. मी आत असताना बाहेर रांग लागते आणि रांगेतली माणसं खोकतात. खोकण्याचा आतड्यांवर परिणाम होतो, हे कोणाला कळत नाही. समोरच्या खोलीतले भैय्याजी मोठ्याने म्हणाले, रुपरावजी, निघा ना जी बाहेर, तिथंही नाका लावून बसले का? सगळे हसले. हिचंही हसू मला ओळखू आलं.

असल्या वातावरणात पोट साफ होत नसतं.

६ एप्रिल. शनिवार.

रामदासपेठेत ‘समग्र उदरशुद्धी शिबिर’ आहे असं कळलं. सायकलरिक्षाने गेलो. चालवतात मुकुंदराव म्हणून. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत, आता आतडी शिकवतात. फळ्यावर आतड्यांचं चित्र फार सुंदर काढलं. आपल्या आत इतकी शोभा असेल असं वाटलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं, म्हातारपणी पोटाला एकटं धरून उपयोग नाही. खाणं, चालणं, झोप, मन, घरातली माणसं, सगळं एकत्र धरलं पाहिजे. याला समग्र म्हणतात.

मला लगेच पटलं. इतके दिवस मी औषधं एकेक करून घेत होतो. तिथेच चुकत होतं.

९ एप्रिल.

नियम पहिला: प्रत्येक घास बत्तीस वेळा चावणे. लागू केला. जेवणाला एक तास चाळीस मिनिटं लागली. तेविसाव्याला मोजदाद चुकली की पुन्हा पहिल्यापासून. वसंता म्हणाला, बाबा, मोजायले माणूस ठेवा. मुलगा माझा, पण विनोद सगळे आईकडचे.

ही माझ्यानंतर जेवते. आज तिला बसायला तीन वाजले. तिला सांगितलं, इतक्या उशिरा जेवणं पोटाला चांगलं नाही.

पोट: काही नाही. उद्या होईल असं वाटतं.

१३ एप्रिल. दुपारी.

नियम दुसरा: पोटावर मातीची पट्टी, वीस मिनिटं. काळी माती भैय्याजींच्या सासरच्या वावरातून आणवली. हिने चाळली, भिजवली, कापडावर थापली, पोटावर ठेवली. उन्हाळ्यात गार वाटतं. वीस मिनिटांची वेळ ठेवली होती. जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते आणि पट्टीची वीट झाली होती. हिला ती काढताना फार वेळ लागला. भैय्याजी डोकावून म्हणाले, काय पेरून राहिले जी, तूर का?

त्यांना मी उत्तर देत नाही. त्यांचं पोट रोज साडेपाचला साफ होतं, त्यामुळे माणूस उथळ राहिला आहे.

१४ एप्रिल.

अंगाला वास मातीचा. बाकी काही नाही.

१८ एप्रिल. गुरुवार.

शिबिरात आज ‘मन’ हा विषय. मुकुंदरावांनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या मनावर कशाचं ओझं आहे? एक बाई रडल्या. माझी पाळी आली तेव्हा सांगितलं की माझ्या मनावर काहीच ओझं नाही, मी निश्चिंत माणूस आहे. मग निश्चिंत असूनही मला किती त्रास आहे ते सांगितलं. पाऊण तास लागला. माझ्यानंतरच्या तिघांचं मन उद्यावर गेलं.

मुकुंदरावांनी मला एक नियम खास दिला. चाळीस दिवस पोटाबद्दल कोणाशी बोलायचं नाही.

चांगला नियम आहे. घरी येऊन सगळ्यांना समजावून सांगितला. उत्तरा म्हणाली, बाबा, हा नियम आधी काहून नाही दिला त्यांनी?

२२ एप्रिल.

ही पेटी बाहेर काढून बसली होती. गोपिकेसाठी घेतलेलं हिरवं लुगडं तिने मला तीनदा दाखवलं. एकदा पुरे होतं. म्हणाली, वरूडच्या आंगणात निंबाखाली बाज टाकून झोपीन जी, अकरा वर्सं झाली. मी म्हटलं, निंबाचा पाला पोटाला उत्तम, येताना आण. ती लुगड्याची घडी घालून राहिली.

पोट: किरकोळ. समाधानकारक नाही.

२६ एप्रिल.

चार दिवसांनी वही उघडली. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली.

आमरस, शेवया, कुरडया, वडे. नियमाप्रमाणे मी फक्त वरण घेणार होतो. पण त्या दिवशी पितर जेवतात. आजोबांना आमरस आवडायचा. वडिलांना वडे. आता ते दोघे नाहीत, मग त्यांच्या वतीने कोण खाणार? मी चार वाट्या आणि सहा वडे त्यांच्या वतीने घेतले. स्वतःसाठी फक्त वरणच.

पितर तृप्त झाले असावेत. मी तीन दिवस आडवा आहे. ही रात्रंदिवस शेगडीवर वीट गरम करून पोट शेकून राहिली. म्हणाली, दहा तारखेपर्यंत बरे होसान ना जी? मी म्हटलं, तुला माझी काळजी की एसटीची? ती उठून शेगडीकडे गेली. बायकांना उत्तर सुचलं नाही की त्या वीट गरम करायला जातात.

१ मे.

नवा निर्धार. आता खरोखर.

पहाटे फिरणे, अडीच मैल. गांधीसागर तलावापर्यंत गेलो. वाटेत गरम पोहे-चना मिळतो, तर्री घालून. पहाटेच्या वेळी खाल्लेलं अंगी लागतं, असं कुठेतरी वाचलं आहे. सातवीपर्यंत शिक्षण झालं असल्यामुळे माझं वाचन आहे. शेवटच्या परीक्षेचा एक पेपर राहिला, तोही पोटामुळे.

८ मे. बुधवार.

रेल्वेचा संप सुरू झाला. पेपरात वाचलं आणि हिला लगेच सांगितलं की देशाची परिस्थिती प्रवासाला अनुकूल नाही. मला दुःख झालं हे तिने पाहिलं असेलच. ती भाजी निवडत होती. म्हणाली, आपण एसटीने जाऊन राहिलो जी.

एसटीचं माझ्या लक्षात होतंच.

आता प्रश्न असा. वरूडपर्यंत तीन-चार तास एसटीत. लग्नघरी संडास एक आणि माणसं शंभर. रांग, खोकणं, अनोळखी बादली. तेव्हा पोट निघण्याआधीच पूर्ण रिकामं पाहिजे. गाडी नाक्यावर उभीच नाही तर अडकेल कशी? इतका सरळ विचार इतक्या वर्षांत कोणी केला नाही.

९ मे. संध्याकाळी ५.

शिबिरातला धडा आज खऱ्या अर्थाने वापरला. समग्र.

दुपारी त्रिफळा, दोन चमचे. चार वाजता इसबगोल. त्यावर भैय्याजींची हिंगाची गोळी. त्यावर होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, लहान असतात म्हणून अकरा. पाचला एरंडेल, अर्धी वाटी, गरम चहातून. एकाने नाही तर दुसऱ्याने होईल. पाचांनी मिळून तर होईलच.

हिने वाटी हातात पाहिली. म्हणाली, एकच काहीतरी घ्या ना जी, उद्या जाचं आहे. मी म्हटलं, उद्या जायचं आहे म्हणूनच. तिला समग्र म्हणजे काय ते समजावलं. तिने देवापुढे सुपारी ठेवली. कशासाठी, ते विचारलं नाही.

पेटी दाराशी. माझी तब्येत प्रसन्न. उद्या नवा माणूस एसटीत बसेल.

१० मे. शुक्रवार.

पहाटे ४. झालं. उत्तम. यश.

४.२०. पुन्हा. अपेक्षेपेक्षा जास्त यश.

४.३५. पुन्हा.

५.१०. यश थांबत नाही.

(पुढचं दुपारी लिहितो आहे.)

सहा वाजता मी आत होतो. ही दाराशी आली. बाहेरून म्हणाली, कसं आहे जी? मी म्हटलं, पाच मिनिटं. साडेसहाला पुन्हा आली. मी म्हटलं, पाच मिनिटं. रांगेत आज कोणी खोकलं नाही. भैय्याजीसुद्धा नाही. मग त्यांची बायको सिंधूताई म्हणाली ते ऐकू आलं, जाय वं प्रयागा तू, तो थोडीच कुठं पळून जाते.

जरा वेळाने दाराची कडी वाजली. ही म्हणाली, मी चालली जी.

मला वाटलं पाण्याला. मी म्हटलं, बादली भरून ठेव.

बाहेर आलो तेव्हा बादली भरलेली होती. काठोकाठ. पेटी नव्हती. वसंता रिक्षाने तिला स्टँडवर सोडून आला होता. म्हणाला, खिडकीजवळची जागा भेटली आईले.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात ही मला न विचारता प्रथमच कुठे गेली. अर्थात मी आत होतो. विचारणार कोणाला, असं तिला वाटलं असेल. सोमवारी परत येईलच.

११ मे.

उत्तराने पेज दिली. मीठ कमी. काहीच पोटात राहत नाही. शिबिरात कळवायचं होतं, पण बोलायचं नाही असा नियम आहे. नियम मी पाळतो.

आज तिकडे हळद.

१३ मे. सोमवार.

स्टँडवर गेलो होतो. सहज, फिरणं म्हणून. वरूडच्या तीन गाड्या आल्या. उन्हात उभं राहिल्याने पोटाची हवा सुटते, असं आढळलं.

१५ मे. सकाळी ६.१०.

झालं! औषध नाही, पट्टी नाही, घास न मोजता. पाच मिनिटांत बाहेर. भैय्याजी तांब्या घेऊन उभे होते, ते दचकले.

इतकी मोठी बातमी. घरभर फिरलो. वसंता कामाला गेलेला. उत्तराला सुट्ट्या, ती झोपलेली. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. शेवटी भैय्याजींना सांगितलं. ते म्हणाले, मले माहीत आहे जी, मीच होतो ना बाहेर.

१६ मे. पुन्हा झालं. ६.०५.

१७ मे. झालं. कंटाळा आला.

२० मे. सोमवार.

कार्ड आलं. अक्षर नानाजीचं, मजकूर हिचा.

लग्न छान झालं. पहिली हळद हिच्याच हातची लागली. पुढे लिहिलं आहे: ‘बारा-तेरा वर्षांपासून छातीत जळत होतं, रोज सोडा घ्यावा लागे, ते इथं आल्यापासून बंद झालं. दोन वेळ पोटभर जेवते आणि वेळेवर जेवते. रात्री बाजेवर पडल्या पडल्या झोप लागते. नानाजीदादा म्हणतात, पावसापर्यंत राहा. मी राहते. तुम्ही पोटाला जपा.’

छातीत जळत होतं? मला कधी कळलं नाही. वसंताला विचारलं. त्याला माहीत होतं. उत्तराला माहीत होतं. सोडा सिंधूताईच आणून देत असे. भैय्याजी म्हणाले, काहो, तुम्हाले माहीत नव्हतं? आमच्या मांजरीले माहीत आहे.

माणसाने न सांगता दुखणं अंगावर काढावं, याला काय म्हणावं? माझं दुखणं मी कोणापासून लपवलं आहे? वरूडच्या पाण्यात काही गुण असणार. ते एकदा तपासून पाहिलं पाहिजे.

संध्याकाळी लगेच उत्तर लिहायला बसलो. तिला सविस्तर कळवलं, दहा तारखेपासूनची एकूण एक हकीकत, वेळांसह. पंधरा तारखेचं सहा दहा ठळक केलं. शेवटी तिच्या छातीचं विचारायचं होतं, पण तोवर कार्ड भरलं. सही तेवढी कशीबशी मावली. कार्डावर जागा असून असून किती असणार?